आमची वाटचाल : लेव्हलपासून हरकत रजिस्टरपर्यंत

नाशिकमध्ये नदीकाठी काही पाडून पुन्हा बांधायचं म्हटलं की आधी पूररेषेचा नकाशा निघतो आणि मागोमाग माणसं रस्त्यावर निघतात. आमची फर्म ही दोन्ही टोकं सांभाळते. पुराची निळी आणि लाल रेषा जागेवर उतरवून देणं हे आमचं मूळ काम. काठावरच्या लोकांच्या हरकती-सूचना घेऊन त्या ड्रॉइंगवर चढवणं आणि उत्तरासह परत करणं हे नंतर आलं. आज त्याला सगळे 'लोकसहभाग' म्हणतात. त्याचे दर कोणी कसे पाडले, ते पुढे येईलच.

फर्म दोघांनी काढली. मोजणी आमच्याकडे, ड्रॉइंग मामांकडे. मामा म्हणजे भागीदार. वयानं मोठे, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंग पेनची रेघ, चुकली तर ब्लेडनं खरवडून त्यावर नख फिरवायचं, मग अमोनिया प्रिंट. कॉम्प्युटरवरून ड्रॉइंग काढणारा प्लॉटर आल्यावर मामांचं काम संपलं असं बाजारात बोललं गेलं. खरं तर त्यांचं काम तिथूनच सुरू झालं, कारण लोकांना दाखवायचं जागेचं मॉडेल त्यांच्या हातचं. मधली वर्षं प्लॉटच्या हद्दी आणि ले-आउट करण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मॉडेलचं मात्र सांगायलाच हवं. प्रमाण १:१००. सनबोर्ड ५ मि.मी. जाडीचा घ्यायचा, म्हणजे एक थर चढवला की जागेवरचा अर्धा मीटर होतो आणि काठाचा चढ वेगळा समजावावा लागत नाही. निळ्या रेषेला निळा दोरा आणि लाल रेषेला लाल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. पंपहाऊसचं छप्पर उचलता आलं पाहिजे, आतली सांडपाण्याची विहीर, कचरा अडवणाऱ्या जाळ्या, विजेचं पॅनेल दिसले पाहिजेत. झाडं खऱ्या जागी, खऱ्या संख्येत. आजूबाजूची घरं नुसते ठोकळे केले तरी चालतात, पण प्रत्येकावर घरमालकानं ओळखावी अशी एक खूण हवी : पत्र्याचा रंग, टाकी, जिना. बाई वाकून स्वतःच्या जिन्यावर बोट ठेवते, त्यानंतरच ती बोलायला लागते. मॉडेल दोन तुकड्यांत करावं, एकेक ६० बाय ९० सें.मी.पेक्षा मोठा नको, नाहीतर समाजमंदिराच्या दारातून जात नाही आणि टेम्पोत कोपरे मोडतात. आणि फेविकॉल एक रात्र वाळू द्या. नवी पोरं घाई करतात, मग ऊन लागलं की थर सुटतात.

आता मुख्य कामाबद्दल. नासर्डीच्या खालच्या पट्ट्यातलं एक जुनं पंपिंग स्टेशन पाडून नवं बांधायचं होतं. कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी तिथून उचललं जातं. जुन्या पद्धतीचं बांधकाम : खाली कोरड्या विहिरीत आडवे पंप आणि त्यांच्या मोटारी, वर पॅनेल. पुरात पाणी आत शिरलं की पहिल्यांदा मोटारी जायच्या, मग साचलेलं सगळं चेंबरमधून गल्लीत यायचं. नव्या आराखड्यात पाण्यात बुडून चालणारे सबमर्सिबल पंप, आणि पॅनेलचा ओटा लाल रेषेच्याही वर. कागदावर यात हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आजही क्लायंट नेमके हेच वाक्य तोंडावर फेकतात.

लोकांना आर.एल.चा, म्हणजे कागदावरच्या पातळीचा, आकडा सांगून उपयोग नसतो. इथं पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चालतं. पाणी कमरेला, गळ्याला, डोक्यावरून. २००८, २०१६, २०१९ ही सालं याच मापात पाठ असतात, जुन्या माणसांना १९६९ सुद्धा. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, "दादा, तुमचा ओटा आमच्या मारुतीच्या कुठं येतो ते सांगा." याचं सरळ उत्तर देता येत नाही. मारुती रामकुंडाजवळ गोदेवर, आणि जागा नासर्डीवर. नासर्डी पुढे खाली जाऊन गोदेला मिळते. गोदावरी तुडुंब असली की संगमाजवळच्या पट्ट्यात नासर्डीचं पाणी मागं फुगतं, तेव्हा मारुतीच्या कमरेचं पाणी इथं किती चढेल हे पाऊस वरच्या अंगाला कुठं पडला त्यावर ठरतं.

आमची रीत अशी. काठावरच्या घरांमध्ये जाऊन प्रत्येक पुराच्या भिंतीवरच्या खुणा विचारायच्या. एकाच घरच्यांनी दाखवलेली खूण धरायची नाही; एकमेकांशी न बोललेल्या तीन घरांत ती जुळली पाहिजे. रंगाचा डाग, मीटरचा जुना बोर्ड, देव्हाऱ्याची फळी अशा खुणा माणसाच्या उंचीवर सांगितलेल्या खुणेपेक्षा भरवशाच्या. मग जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे पातळी माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, ऑटो लेव्हल या दुर्बिणीनं पातळी आणायची, परतीचा फेरा घ्यायचा, चूक १२ रूट के मि.मी.च्या (के म्हणजे फेऱ्याचं अंतर कि.मी.मध्ये) आत बसली तरच ती खूण विजेच्या खांबावर रंगवायची. साल मराठी आकड्यांत, पट्टा चार बोटं रुंद. नव्या ओट्याची पातळी त्याच खांबावर पिवळ्या रंगात. त्यानंतर आकड्यांवर वाद होत नाही. वाद झालाच तर तो खांबापाशी होतो, आणि स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, लावून मिटवता येतो.

पुराचा विषय निघाला की क्लायंटला वाटतं झालं. बहुतेक हरकती मात्र पुराच्या नसतातच. वास, रात्रीचा आवाज, आणि बांधकाम चालू असताना घाण कुठं जाणार, हे तीन विषय असतात.

वासाला लोक विहिरीकडे बोट दाखवतात. विहिरीत सांडपाणी अर्ध्या तासाहून जास्त तुंबलं की हायड्रोजन सल्फाइड वायू धरतो, हे खरं. तो हवेपेक्षा जड, म्हणून थंडीत पहाटे वारा पडलेला असताना खालच्या गल्लीत बसून राहतो. पण दिवसा येणारा वास बऱ्याचदा जाळीवरच्या कचऱ्याचा असतो : कपडे, प्लास्टिक, निर्माल्य, केस. जाळीतून काढून उघड्यावर निथळत ठेवतात आणि ट्रॉली भरेपर्यंत उचलत नाहीत. हे ओळखायला यंत्र लागत नाही. वासाची वही लागते. तिन्ही बाजूंच्या घरांना एकेक वही द्यायची; रकाने चारच : वेळ, वारा कुठून, वास कसला, जोर ० ते ५. 'कसला' या रकान्यात लोक फार नेमकं लिहितात. सडक्या अंड्याचा लिहिला तर विहीर, उकिरड्याचा लिहिला तर जाळी, रॉकेलसारखा लिहिला तर कुठला तरी कारखाना सोडतोय. सगळ्यात चांगल्या नोंदी दूधवाल्याच्या आणि रात्रपाळीच्या वॉचमनच्या येतात. वहीवरून ठरलं की विहिरीला एफआरपीची (फायबरची) झाकणं, आतली हवा ओढून ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून सोडायची, जाळीचा कचरा झाकणाच्या डब्यात आणि रोज उचलायचा. बिघडतं कुठं तेही आराखड्यातच लिहावं : झाकण जड केलं तर ऑपरेटर ते कायमचं उघडं ठेवतो, आणि ओल्या हवेनं कार्बन लवकर निकामी होतो, पण बदलायची तरतूद देखभालीच्या करारात नसते.

आवाजाचं गणित साधं आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. झाकणबंद जनरेटरला एक मीटरवर ७५ चालतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ४५ यायला तीसेक मीटर मोकळी जागा हवी. अरुंद गल्लीत दोन भिंतींमध्ये आवाज एवढाही पडत नाही. त्यामुळे जनरेटरची जागा ठरवण्याआधी भाड्यानं तसाच जनरेटर आणून रात्री चालवायचा आणि मीटर लोकांच्या गॅलरीत लावायचा. मीटर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर त्यांच्यासमोर तपासायचा, नाहीतर आकडा कुणी मानत नाही.

बायपास पंपिंग हा तिसरा विषय, आणि ठेकेदार नेमका तोच दाखवत नाही. जुनं स्टेशन बंद असताना डिझेल पंप लावून पाणी पुढच्या चेंबरला न्यावं लागतं. एक चालू पंप, एक राखीव, पाइप कुणाच्या दारावरून जाणार, रात्री डिझेल कोण भरणार. याचं वेगळं ड्रॉइंग भिंतीवर लावलं नाही तर बैठक घेऊच नये, असं आमचं मत आहे.

इथं आमच्या प्रतिस्पर्ध्याचं येतं. नाव घेत नाही, बाजार छोटा आहे. त्यांनी हेच काम निम्म्या दरात घेतलं. बैठक ठेवली बुधवारी सकाळी ११ वाजता. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, निम्म्या बाया तिकडे, आणि पहिल्या पाळीचे सगळे कारखान्यात. हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते, पडद्यावरचा व्हिडिओ फिकट दिसत होता. व्हिडिओत हिरवळ, बाकडी, फुगे घेतलेली मुलं. जाळी नाही, ट्रॉली नाही, जनरेटर नाही. वडे-चहा आधी, सह्या नंतर. हजेरीच्या कागदाला वरून शीर्षक जोडलं 'सहमती'. त्यांच्या माहितीपत्रकात छापलेला मॉडेलचा फोटो मामांच्या मॉडेलचा होता. कोपऱ्यातली पत्र्याची निळी शेड मामांनी स्वतः रंगवलेली, ती कशी विसरू?

आमचा करार मुख्य ठेकेदारामार्फत होता, आणि त्यात चाळीस टक्के रक्कम रहिवाशांच्या अनापत्ती पत्राला बांधलेली. लोकांनी अटींसह पत्र दिलं. ठेकेदार म्हणाला, अटी असतील तर हे अनापत्ती नव्हेच. बिल अडलं, काम काढून त्या प्रतिस्पर्ध्याला दिलं. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट संपली, मोजणीचं यंत्र, टोटल स्टेशन, विकावं लागलं, पगार हप्त्यांत गेले. सातपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, प्लांट मॅनेजर साहेबांनी, त्यांच्या ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष बांधलंय तसं दाखवणाऱ्या, ड्रॉइंगचं काम आगाऊ पैसे देऊन टाकलं म्हणून शटर उघडं राहिलं.

म्हणून धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो : आपलं बिल लोकांच्या होकाराला कधीही बांधू देऊ नका. ते हरकत रजिस्टर सादर होण्याला बांधा. होकाराला बांधलं की सल्लागाराला होकार विकत घेण्याचा मोह होतोच, आणि क्लायंटलाही तेच हवं असतं.

रजिस्टरमध्ये प्रत्येक हरकतीला नंबर, तोच नंबर ड्रॉइंगवर गोलात, आणि समोर काय बदललं किंवा का बदललं नाही. 'नोंद घेतली' हे उत्तर आम्ही लिहू देत नाही. कायद्याची जनसुनावणी वेगळी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत बसणाऱ्या प्रकल्पाला प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची सूचना देतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी बसतात, इतिवृत्त तिथंच स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. नुसत्या पंपिंग स्टेशनला ते सगळं लागू होत नाही, त्यामुळे लोकांच्या हातात कागद म्हणून आमच्या रजिस्टरशिवाय दुसरं काही राहत नाही. शेवटच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचायचं आणि झेरॉक्स प्रत ज्याची हरकत त्याच्या घरी पोचवायची.

पुढे झालं असं की विहिरीचं खोदकाम सुरू होताच पोकलेनसमोर बायका उभ्या राहिल्या. जाळीच्या कचऱ्याचं दार शाळेच्या गल्लीकडे काढलं होतं. ही हरकत आमच्या रजिस्टरमध्ये नंबरासह होती, दार नदीकडे फिरवण्याच्या स्केचसह. व्हिडिओत दारच नव्हतं. बायकांच्या हातात आमचीच झेरॉक्स. काम थांबलं, आणि ठेकेदाराचा इंजिनिअर ड्रॉइंग मागायला आमच्या ऑफिसात आला. ड्रॉइंग दिलं, पावती घेतली, दर जुनाच लावला.

आता सिंहस्थाच्या कामांची घाई आहे. आठ दिवसांत लोकसहभाग करून द्या, असे फोन येतात. वासाची वही एक महिना तरी चालल्याशिवाय आम्ही बैठक लावत नाही, तेव्हा बरेच फोन तिथंच संपतात आणि कुठं जातात ते माहीत आहे. दार नदीकडे फिरलं, जनरेटर मागच्या कोपऱ्यात गेला. आमची अडलेली रक्कम अजून सुटलेली नाही. त्या अनापत्ती पत्रातल्या अटी जागेवर पूर्ण झाल्या आहेत, फोटोंसह तसं पत्र दिलंय, पोचही घेतली आहे.