तुम्ही विचारलंत म्हणून: १८ चा ट्रॅक्टर काढून २७ चा घ्यावा का?

द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. घरी १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, बाग तीन-चार एकरांवरून सात-आठ एकरांवर गेली, ६०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं, मागे ओढायचं यंत्र) ओढताना गाडी दम टाकते, तर आता २७-२८ एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना ताकद जाणारा) घ्यावा का?

ब्लोअरसाठी घेत असाल तर घ्या. वर्षातून एकदाच्या नांगरटीसाठी घेणार असाल तर थांबा. ते काम गावातला ४५-५० चा ट्रॅक्टर भाड्याने करून देतो आणि जास्त खोल करून देतो. फवारणीला मात्र भाड्याची गाडी कामाची नाही. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) पोंगा, म्हणजे डोळा फुटण्यापासून ते फुलोरा या काळात पाऊस पडला की सगळ्या शिवाराला त्याच सकाळी डावणीचं (वेलीवरच्या बुरशी रोगाचं) औषध मारायचं असतं.

आधी १८ ची गाडी कुठे कमी पडते ते आकड्यात पाहू. ब्लोअरच्या पंख्याला, त्याच्या आकारानुसार आणि पात्यांच्या कोनानुसार, ८ ते १२ एचपी लागतात. आपण ९ धरू. पंप ५५ लिटर प्रतिमिनिट आणि दाब २५ बार असेल तर ५५ गुणिले २५ भागिले ६००, म्हणजे २.३ किलोवॅट. पंपातली तूट धरून साधारण साडेतीन एचपी. भरलेली टाकी आणि सांगाडा मिळून साडेनऊशे किलोच्या आसपास वजन. ओल्या, भुसभुशीत रानात ते ताशी चार-पाच किलोमीटरने ओढायचं, शिवाय ट्रॅक्टरने स्वतःलाही ओढायचं, चाकं घसरतात ती तूट वेगळी. त्याला ६ एचपी धरा. बेरीज झाली साडेअठरा. इंजिन साडेअठराचंच असेल तर हाताशी काहीच उरत नाही. जरासा चढ आला, चाकोरीत पाणी साचलं, की आरपीएम पडणारच.

आरपीएम पडण्याचा खरा तोटा डिझेलमध्ये नसतो, पानांच्या आत असतो. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून ४८० वर आला तर पंख्याची हवा सुमारे ११ टक्के कमी होते, पण त्या हवेतला जोर ३० टक्क्यांनी घटतो, कारण पंख्याची ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. बाहेरची पानं ओली दिसतात. मधल्या दाट पानांच्या खालच्या बाजूला, जिथे डावणी बसते, तिथे थेंब पोचलेला नसतो. मग दोष औषधाला दिला जातो आणि पुढच्या वेळी डोस वाढवला जातो.

म्हणून शोरूमला जाण्याआधी एक काम करा. फेऱ्या मोजायचं हातातलं टॅकोमीटर आणा. टाकी पूर्ण भरा, ब्लोअर आणि सगळे नोझल चालू ठेवा आणि बागेतल्या सर्वांत चढाच्या ओळीत तुमच्या नेहमीच्या गिअरला गाडी चालवा. मधेच थांबू नका. डॅशबोर्डवरच्या आरपीएम मीटरचा काटा माणसाला पाहायला सांगा, आणि तो काटा खरा दाखवतो का ते आधी उभ्या गाडीत टॅकोमीटर पीटीओला लावून तपासून घ्या. चालू गाडीत शाफ्टजवळ हात नेऊ नका. पीटीओच्या फेऱ्या ५२० च्या वर टिकत असतील तर तुमची अडचण एचपीची नाही. नोझल झिजलेले असतील, पंख्याच्या पात्यांना औषधाचा थर बसला असेल किंवा गाडी पळवली जात असेल. फेऱ्या पडत असतील तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि इंजेक्टर बघा, मग क्लच घसरतो का ते पाहा. अठराची गाडी पंधराची होऊन बसलेली असते, हे फार ठिकाणी दिसतं. एवढं करून एक गिअर खाली टाकला आणि तरीही फेऱ्या टिकल्या नाहीत, तर मोठी गाडी घ्यायला खरं कारण आहे.

मोठ्या गाडीने फवारणी लवकर उरकेल असं समजून पैसे घालू नका. नऊ फुटी ओळीच्या बागेत एका एकराला साधारण दीड किलोमीटर ओळ पडते. आठ एकरांना बारा किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने तीन तास, वर वळणं आणि टाक्या भरणं. गाडी कितीही ताकदीची असली तरी वेग चार-पाचच्या पुढे नेता येत नाही, कारण वेलीतली जुनी हवा ढकलून औषधाची हवा आत शिरायला तेवढा वेळ लागतोच. वेळ वाचतो तो टाकीत. एकरी ४०० लिटर पाणी लागत असेल तर ६०० ची टाकी दीड एकर करते, १००० ची अडीच. आठ एकरांत सहा टाक्यांऐवजी चार. पण भरलेला १००० चा ब्लोअर दीड टनाच्या घरात जातो आणि त्याचा पंखाही बहुधा मोठा असतो, तो २७ च्या गाडीलाही चढावर जड जातो. २७ घेऊन ६०० चाच ब्लोअर ठेवणं हे माझ्या मते बहुतेक बागांना जास्त फायद्याचं आहे. तेव्हा २५ ते ३० टक्के ताकद राखीव राहते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हवा सारखी मिळते.

आता वजनाकडे या, कारण विकणारे एचपी सांगतात आणि वजन सांगत नाहीत. २७-२८ एचपीच्या वर्गात वजनाचा फरक मोठा आहे. कुबोटा बी २७४१ साधारण साडेसहाशे किलोची, तर जॉन डिअर ३०२८ ईएन एक टनाच्या पुढची. दोन्ही फोर व्हील, एचपी जवळजवळ सारखे. हलकी गाडी पावसानंतर रानात लवकर घालता येते आणि माती कमी दाबते. जड गाडी ओढायला खात्रीची. काळ्या रानात ड्रिपच्या लॅटरलशेजारून रोज जायचं असेल तर मी हलकीच निवडीन. मुरमाड, चढाच्या डाळिंबाच्या रानात जड.

गाडी किती घसरते ते घरी मोजता येतं. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार न लावता चाकाच्या दहा फेऱ्यांत गाडी किती फूट गेली ते मोजा, मग भरलेला ब्लोअर लावून त्याच रानात पुन्हा दहा फेऱ्या. दोन्हींतला फरक पहिल्या अंतराच्या १०-१५ टक्के असेल तर ठीक. २० च्या वर गेला तर टायरमध्ये पाणी भरा किंवा चाकाला वजनं लावा. हे न करता जास्त एचपी घेतले तर ते फक्त चाक फिरवण्यात जातात.

टाकी लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या दांड्यांवर, उचलून औषध मारणाऱ्यांनी वजनाचं गणित आणखी बारकाईने करावं. २०० लिटरची भरलेली टाकी सांगाड्यासकट ३२० किलो धरा. तिचा भार मागच्या आसापासून १.१ मीटर मागे, आणि दोन आसांमधलं अंतर १.४ मीटर. पुढच्या चाकांवरून ३२० गुणिले १.१ भागिले १.४, म्हणजे सुमारे २५० किलो वजन उचललं जातं. ८०० किलोच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर मुळात ३२० किलोच्या आसपास असतं, म्हणजे उरले ७०. स्टिअरिंग हातात राहण्यासाठी पुढे गाडीच्या वजनाचा पाचवा भाग, म्हणजे १६० किलो तरी हवेत. त्यासाठी नाकावर ६५-७० किलोची वजनं लावावी लागतात. हायड्रॉलिक उचलतं म्हणून ४०० ची टाकी लावली तर बांध चढताना गाडी पुढून उभी राहील. माहितीपत्रकातली उचल क्षमता लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. टाकी मागे जाते तशी ती कमी होत जाते.

रुंदी तुमच्या ओळीवरून ठरवा. नऊ बाय पाचच्या द्राक्षबागेत नऊ फूट हे खोडांमधलं अंतर आहे. वाय सांगाड्याचे हात, लोंबणारे शेंडे आणि घड धरले तर मधली मोकळी जागा बरीच कमी उरते. ती घड भरल्यावर मोजा, छाटणीनंतर नको. गाडीची एकूण रुंदी त्याहून दोन फूट तरी कमी हवी. उंचीही बघा: उभा सायलेन्सर आणि मागची सुरक्षा कमान मांडवाच्या तारेला लागते. खालून जाणारा सायलेन्सर आणि दुमडणारी कमान मिळते, ती ऑर्डर देतानाच मागून घ्या. मागच्या चाकांची रिम उलटी बसवून रुंदी कमी-जास्त करता येते, पण तेव्हा डावं चाक उजवीकडे न्यावं लागतं, नाहीतर टायरच्या नांग्या उलट्या दिशेला होतात आणि पकड जाते. फोर व्हीलच्या पुढच्या चाकांना ही सोय क्वचितच असते.

क्लचबद्दल फार कमी लोक विचारतात, आणि मला तो एचपीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सिंगल क्लचच्या गाडीत पेडल दाबलं की पीटीओही थांबतो, ओळीच्या टोकाला गिअर बदलताना पंखा पडतो आणि पुन्हा ५४० वर यायला ओळीचा पहिला भाग जातो. याहून वाईट म्हणजे काही गाड्यांत पंख्याचा जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्सला जातो आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे ढकलली जाते. बांधाजवळ हे जिवावर बेतू शकतं. अशा गाडीच्या पीटीओवर ओव्हररनिंग क्लच (जोर उलटा जाऊ न देणारा) बसवलाच पाहिजे. नवी गाडी घेताना डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ क्लच घ्या. त्यासाठी दोन-तीन एचपी कमी चालतील.

काही छोट्या ट्रॅक्टरांना पीटीओचा दुसरा गिअर असतो, ७५० किंवा ९८० चा. ५४० साठी बनलेला ब्लोअर चुकून ९८० वर टाकला तर पंखा जवळजवळ सहापट ताकद मागतो. इंजिन ती देऊ शकत नाही, पण त्याआधी पाती किंवा गिअरबॉक्स फुटू शकतो. चालवणारा माणूस बदलता असेल तर त्या लिव्हरवर लाल रंग लावा.

फोर व्हील रानातच लावा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. मऊ मातीत तो फरक जिरतो. डांबरी रस्त्यावर जिरायला जागा नसते, मग पुढचे टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. टायर बदलताना कंपनीने दिलेलाच आकार घ्या, पुढे-मागे वेगळा आकार घातला की हे प्रमाण बिघडतं.

जुनी अवजारं नव्या गाडीला लागतील असं गृहीत धरू नका. मिनी ट्रॅक्टरला बहुधा अरुंद जोडणी असते, खालच्या दोन पिनांमध्ये ४०० मिमीच्या आसपास अंतर. मोठ्या गाडीला पूर्ण कॅटेगरी एक (जोडणीचं ठरलेलं माप) असेल तर तेच अंतर ६८३ मिमी होतं. पिन दोन्हींना तेच, खाली २२ आणि टॉप लिंकला १९ मिमी, पण सांगाडा कापून वेल्डिंग करावं लागतं. रोटाव्हेटर तीन फुटी असेल तर नव्या गाडीच्या चाकांच्या खुणा पुसल्या जाणार नाहीत. चार फुटी लागेल, आणि चिकट काळ्या रानात तो वाफशावरच चालवा.

पीटीओ शाफ्टही तोच चालत नाही. गाडी आणि ब्लोअर सर्वांत जवळ येतील अशा स्थितीत, म्हणजे पूर्ण वळवून, उभे करा. शाफ्टचे दोन्ही भाग शेजारी धरा आणि टोकाशी २५ मिमी जागा राहील अशी खूण करा. आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कव्हर सारख्याच मापाने कापा. कड घासून ग्रीस लावा. लांब ताणल्यावर एकात एक किमान एक तृतीयांश लांबी राहिली पाहिजे. दोन्हीकडचे फोर्क एका रेषेत हवेत, नाहीतर थरथर सुरू होऊन क्रॉस बेअरिंग जातात. कव्हर काढून ठेवू नका. धोतराचा सोगा, ओढणी, मफलर, काहीही त्यात ओढलं जातं.

ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर सौदा करू नका. महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल अनुदानाला चालत नाही. जुनी गाडी समाजकल्याणच्या मिनी ट्रॅक्टर योजनेतून बचत गटाला मिळालेली असेल तर विकण्याआधी तिच्या अटी वाचा.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यावी का, हे तुमच्या बाकीच्या पिकावर आहे. घरात ऊस किंवा हळद असेल तर देऊ नका. साडेचार फुटी सरीत भर लावायला आणि आंतरमशागतीला ती अरुंद गाडीच लागते, २७ ची रुंद असेल तर तिथे शिरत नाही. फक्त बागच असेल तर विका, पण डीलरचा भाव आणि गावातला भाव दोन्ही काढा. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवा, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलून घ्या. नाव तुमच्यावरच राहिलं आणि नव्या मालकाकडून ट्रॉलीचा अपघात झाला, तर नोटीस तुमच्या घरी येईल.

सौदा ठरवण्याआधी डीलरला गाडी तुमच्या बागेत आणायला सांगा. त्याचं डेमो अवजार नको, तुमचाच ब्लोअर, पाण्याने भरलेला. बांधाजवळच्या मोकळ्या जागेत शेवटच्या खांबाला न लागता एका दमात वळण बसतं का ते पाहा. बसत नसेल तर प्रत्येक ओळीला रिव्हर्स घ्यावा लागेल, आणि मागे ब्लोअर असताना ते फार वेळखाऊ काम आहे. मग त्याच चढाच्या ओळीत, त्याच गिअरला, आरपीएमचा काटा पाहत चालवा.