बकुळ आणि सीतेचा अशोक : तिसऱ्या उन्हाळ्याची नोंद

पुण्यातलं छोटं अंगण, पश्चिमेला रस्ता. जून २०२२ मध्ये कुंपणापाशी बकुळ आणि सीतेचा अशोक एकाच दिवशी लावले. दुपारनंतरचं ऊन आणि रस्त्याची धूळ बारा महिने अडावी, म्हणून दोन्ही सदाहरित. लावताना दोघंही कमरेएवढे होते.

या एप्रिलची मापं : बकुळ ८ फूट, अशोक जेमतेम ४.

अशोकाचं सांगतो, कारण ही चूक बरेच जण करतात. पहिल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून मी ते वाढवलं. आमची काळी माती, ती चिकट होऊन बसली आणि पानं पिवळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच. अशोक मूळचा सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारा. त्याला मी उघड्या पश्चिमेच्या उन्हात उभं केलं होतं. बकुळीने तेच ऊन निमूट सोसलं.

जुलै २०२४ मध्ये चांगला पाऊस लागल्यावर अशोक मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट काढला आणि बकुळीच्या पूर्वेला हलवला. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत, वर चार बोटं पालापाचोळा. या एप्रिलमध्ये प्रथमच कडा हिरव्या राहिल्या. गेल्या आठवड्यात तांबूस कोवळी पालवी मऊ झुपक्यांनी खाली लोंबू लागली. ती बघायला मी दिवसातून तीनदा जातो! फुलं जून फांद्यांवर येतात, म्हणून कात्री लावणार नाही.

पुन्हा लावायचं झालं तर आधी बकुळ, आणि दोन वर्षांनी तिच्या सावलीत अशोक.

समोरचा गुलमोहर मार्चमध्ये निष्पर्ण होता, नेमकं ऊन तापायला लागलं तेव्हा. बकुळही पानं गाळते, पण थोडी थोडी, नवी येत असताना. त्यामुळे ती कधी उघडी पडत नाही. चार वाजता तिची सावली आता पायरीपर्यंत येते. झाडलेली पानं सगळी अशोकाच्या बुंध्याशी जातात.

पावसाळ्याआधी एकच काम : बकुळीचं आळं ३ फुटांवरून ५ फुटांपर्यंत रुंद करायचं, म्हणजे पाणी खोडाशी न साचता फांद्यांच्या घेराखाली मुरेल.