गुण कुणाचा

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये, म्हणून लिहितोय.

आज दवाखान्यात एका म्हातारीने मी दिलेल्या गोळ्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटोला दाखवल्या. झालं ते एवढंच. तपासून झालं होतं, बीपीची गोळी बदलून दिली होती, मीठ-पापड-लोणच्याचं नेहमीचं पुराण सांगून झालं होतं. ती बाहेर गेली आणि मी पंखा बंद करायला उठलो, तर बाई अजून भिंतीपाशीच उभी. पुडी फोटोच्या काचेला टेकवलेली, डोळे मिटलेले. मग तीच पुडी कपाळाला लावली, पिशवीत टाकली आणि गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

कंपाउंडर म्हणतो, "रोजचंच आहे साहेब. जुने पेशंट सगळे करतात."

रोजचंच! आणि मला आज कळतंय.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, मलाच सांगता येत नाही. पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही. तिच्या पायाला सूज होती. किडन्या गेल्या असं तिला कुणीतरी सांगितलेलं, सून रडकुंडीला आलेली. लघवी तपासली, रक्त तपासलं, किडन्या ठणठणीत. सूज होती ती अ‍ॅम्लोडिपिनची, म्हणजे तिच्या आधीच्या बीपीच्या गोळीची. त्या गोळीने काहींचे घोटे सुजतात, गोळी बदलली की उतरतात. हे ओळखलं कुणी? मी. एम.डी. कुणी केलं? मी. पुण्यातली नोकरी सोडून लोणंदला कोण आलं... तो विषय नको.

पायाची सूज उतरेल आणि ती म्हणेल, मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताला गुण होता.

होता का? मी लहानपणापासून हे ऐकत आलोय. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि स्टेथोस्कोप एकमेकांत गुंतायचे, आणि दवाखान्यातून आले की आई ते सोडवत बसायची. सातला शटर अर्धं खाली, हरिपाठ, मग पुन्हा वर. रात्री जेवायला मात्र आमच्याबरोबरच, कितीही उशीर झाला तरी. आम्ही ताटावर थांबायचो. अर्ध्या जेवणात कुणी हाक मारली की ते उठायचे आणि आमचे खरकटे हात वाळायचे. ताई चिडायची. तिच्या साखरपुड्याच्या दिवशीचं तर काय सांगावं.

हातगुण म्हणजे लोकांना नक्की काय म्हणायचं असतं, यावर मी आज पेशंटांच्या मधल्या वेळात विचार करत होतो. नाडी ते फार वेळ धरायचे, गरज नसली तरी. त्याने पेशंटला बरं वाटतं, हे मलाही माहीत आहे. पण विंचवाला नाडी धरून काय होणार?

विंचू चावलेली पोरं रात्रीच यायची. घामाने निथळणारी, हातपाय बर्फ, थोड्या वेळात छातीत पाणी आणि तोंडाला फेस. मांत्रिकाकडे वेळ घालवून आलेली असायची, आणि लवकर आणलं असतं तरी हातात फारसं काही नव्हतं. मग 1986 साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिनबद्दल लिहिलं. मुळात रक्तदाबाची गोळी. ती इथे पोरं वाचवायला लागली. अण्णांना कुठून कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी गोळ्या आणून टेबलाच्या खणात ठेवल्या. गोळी दिली की रात्रभर स्टूल टाकून बसायचे आणि आयांना दटावायचे, "कडेवर घेऊ नका, आडवंच राहू द्या त्याला." उचललं की बीपी धाडकन उतरायचं, म्हणून.

पोरगं वाचलं की घरचे पंढरपूरला नारळ फोडून यायचे. मी तेव्हा शाळेत होतो, मला फार राग यायचा. एकदा म्हटलं, "गोळीचं नाव तरी सांगत जा त्यांना."

"सांगितलं की. नाही राहिलं त्यांच्या लक्षात. पोरगं राहिलं ना?"

यावर काय बोलणार?

पालखी नीरा ओलांडून, पादुकांचं स्नान होऊन लोणंदला आली की दवाखान्यासमोरचा रस्ता म्हणजे नुसते पाय. अण्णा पाट घेऊन खाली बसायचे. वारकऱ्यांनी फोडांतून सुईदोरा ओवलेला असायचा. तो ओढून काढायचा, जखम धुवायची, आयोडीन लावायचं. ताजा फोड असेल तर कडेला बारीक टोचून पाणी काढायचं, पण वरची कातडी कापायची नाही, तीच पट्टी. मी बाजूला ट्रे धरून उभा. एक आजी पाय मागे ओढून म्हणाली होती, "माउली, पाय नका धरू, पाप लागंल मला." अण्णा म्हणाले, "मग तुम्ही माझे धरा, फिटंफाट." आणि तिने खरंच धरले. दोघं हसत बसली आणि मागे रांग खोळंबली.

शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपायचो, तेव्हा... असो.

जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. फोटोचं, पुडीचं, माझ्या एम.डी.चं. तिने शांतपणे विचारलं, "ती बाई गोळ्या घेते का वेळेवर?"

घेते. हीच तर गंमत आहे. बीपी नॉर्मल आलं की निम्मे पेशंट परस्पर गोळी बंद करतात, मग एक दिवस तोंड वाकडं झालेल्या अवस्थेत उचलून आणतात त्यांना. ही बाई वर्षानुवर्षं एक डोस चुकवत नाही. कारण गोळी मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेतलेली असते, आता चुकवली तर त्यांना काय तोंड दाखवणार! औषध मी लिहायचं आणि ते पोटात जातंय की नाही यावर अण्णांनी लक्ष ठेवायचं. वडील रिटायर झालेत असं मी उगाच समजत होतो. पगारही द्यावा लागत नाही.

कंपाउंडरला उद्या विचारलं पाहिजे, 'जुने पेशंट सगळे' म्हणजे कोण कोण. त्यातले शुगरवाले किती, ते बघतो. नव्यांनाही लावावी का ही सवय? (गंमत केली. थोडीशी.)

पालखी जवळ आली. आयोडीन, गॉज, ओआरएसची खोकी सांगायची आहेत, मागच्या वेळी ओआरएस दुपारीच संपलं होतं. पाटाचं मात्र अवघड आहे. आई म्हणते, खाली बसशील रे, पण उठवणार कोण तुला?