गुरांसाठी गोवा: सत्तरीतल्या गोठ्यांची वाट

गोव्यात गुरं बघायला जायचं तर समुद्राकडे पाठ करून सत्तरी तालुक्याची वाट धरायची. पणजीहून साखळीमार्गे वाळपईला बस मिळते, पण पुढच्या वाड्यांसाठी दुचाकी हवीच. आम्ही फोंड्याहून अंधारातच निघालो, कारण सकाळची धार चुकली की गोठा रिकामा. ऊन चढायच्या आत गुरं रानात जातात, ती परततात तिन्हीसांजेला. वाटेत ‘फार्म’ कुठे म्हणून विचारू नका, लोक मसाल्याच्या बागेकडे बोट दाखवतात. ‘गोठो खंय?’ म्हणा.

आम्ही गेलो त्या घरी मोजकीच जनावरं, त्यांत श्वेतकपिला. ही गोव्याची स्वतःची, देशपातळीवर नोंद झालेली जात. लहान चण, आणि नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा. ‘बाय, सवकास यो, नव्या मनशाक ती बुजता,’ घरच्या काकी म्हणाल्या. त्यांनी आधी वासराला लावलं, पान्हा फुटल्यावर त्याला गाईच्या तोंडाशी बांधलं आणि ती चाटत असताना धार काढली.

दूध दिवसाला दोन-तीन लिटर. संकरित जर्सी त्याच्या कितीतरी पट देते, मग ही का ठेवायची? उत्तर घरामागच्या कुळागरात आहे: पोफळी, केळी, मिरवेल, सगळं शेणखतावर. शिवाय इथला पाऊस आणि दमट हवा हिला सोसते, रानातल्या चाऱ्यावर ती भागवते. गोव्यातली गाय नुसती लिटरवर मोजणं मला चुकीचंच वाटतं.

काकींच्या मुलाला परदेशातल्या मोठ्या रँचचं, म्हणजे गुरांच्या अफाट मळ्यांचं, फार आकर्षण. ऑस्ट्रेलियात रँच म्हणत नाहीत, ‘कॅटल स्टेशन’ म्हणतात. तिथलं ॲना क्रीक हे स्टेशन १५,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे. अख्खा गोवा ३,७०२. तिथे गुरं हाकायला हेलिकॉप्टर लागतं आणि धार कुणीच काढत नाही, कारण ती मांसासाठीच पाळलेली असतात. ब्राझीलच्या फझेंदांवर, म्हणजे तिथल्या मोठ्या मळ्यांवर, मात्र आपलीच गुरं: तिथली नेलोर म्हणजे मूळची आंध्रातली ओंगोल. हे ऐकून काकी श्वेतकपिलेच्या पाठीवरून हात फिरवत कितीतरी वेळ प्रश्न विचारत राहिल्या.

आता जाणाऱ्यांसाठी. एका गोठ्यातून दुसऱ्यात त्याच चपलांनी जाऊ नका, लाळ्या-खुरकूत ही गुरांची साथ अशीच पसरते. धुण्याच्या सोड्याचं पाणी बाटलीत ठेवा, पाय आणि चपलांचे तळवे धुऊनच पुढे जा. डिसेंबर ते मे सत्तरीत माकडतापाचा काळ. तो गोचिडीतून येतो. अंगभर कपडे घाला, रानाच्या कडेला पाल्यावर बसू नका, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा. नंतर ताप आलाच तर सत्तरीत गेला होता हे डॉक्टरांना आधी सांगा. सरकारी फार्मवर जायचं असल्यास पणजीच्या पशुसंवर्धन खात्यात आधी विचारा. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत श्वेतकपिलेवर काम चालतं, तिथेही परवानगी घेऊनच जा.

आणि गोठा दाखवल्याबद्दल पैसे पुढे करू नका, माणसं ओशाळतात. वाळपईच्या बाजारातून पेंड घेऊन जा, ती आनंदाने ठेवून घेतात.