टाकी कुणाची, नळ कुणाचा

मुंढव्याला बिअर प्यायला जाणारे पुष्कळ असतात, पण वही घेऊन जाणारे त्या दिवशी आम्ही दोघेच असू. मी कोथरूडचा, धंदा लोकांचे हिशेब लिहिण्याचा. सोबत माझा मावसभाऊ, कोल्हापूरचा. हायवेला त्याचं हॉटेल आहे, वर परमिट रूम. गेले बरेच महिने त्याच्या डोक्यात एकच भुंगा: आपली बिअर आपणच बनवायची. "दादा, तू नुसता माझ्याबरोबर फिर. गणित कुठं गंडतंय तेवढं सांग," म्हणाला. म्हणून ही भटकंती. कुठली बिअर किती फेसाळ, कुठल्या गच्चीवर फोटो छान येतात, असलं काही हवं असेल तर पुढे वाचू नका.

गाडी काढायचा प्रश्नच नव्हता. वनाजला मेट्रो पकडली. डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या पात्राकडेने जाते. पगडीच्या आकाराचं छप्पर असलेली दोन स्टेशनं पाहून भाऊ म्हणाला, "तुम्ही पुणेकर कशालाबी पगडी घालता." कल्याणीनगरला उतरलो आणि रिक्षाने नदी ओलांडली. मे २०२४ मध्ये याच भागात मोटारीने उडवल्यामुळे दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला होता. त्यानंतर एक्साइज (उत्पादन शुल्क) खात्याने आणि पोलिसांनी शहरातले पब कसून तपासले. रिक्षावाल्याने तो विषय आपणहून काढला आणि पूल संपेपर्यंत सोडला नाही.

पुण्यातल्या ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवण्याच्या जागा, मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, हडपसर अशा पूर्वेकडेच का जमल्या, हे तिथे पोचल्यावर कळतं. टाक्यांना उंच छत लागतं, खाली वजन पेलणारी फरशी लागते, मालाची गाडी आत यावी लागते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात हे व्हायचं नाही. शिवाय खराडी आणि मगरपट्ट्यातली आयटीची मंडळी हाकेच्या अंतरावर. एका ग्लासला साडेतीनशे-चारशे रुपये मोजणारं गिऱ्हाईक जिथे संध्याकाळी सुटतं, तिथेच हे दुकान मांडावं लागतं. जागेचं भाडंही मग त्याच हिशेबाने लागतं.

सुरुवात मात्र इथे झालेली नाही. २००९ मध्ये एनआयबीएम-उंड्रीच्या बाजूला, कोरिन्थियन्समध्ये डूलाली सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक, आणि बिअर बनवायला जर्मन ब्रूअर ऑलिव्हर शॉफ. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रूअरींमध्ये तिचं नाव घेतलं जातं. बंगळुरूत टॉइट आली ती त्यानंतर, २०१० मध्ये. पुढे डूलालीने मुंबईत टॅपरूम, म्हणजे नळावरची बिअर देणारे बार, काढल्या. पुण्यात २०१४ मध्ये मुंढव्याला इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिनगट आली, ॲमनोरा मॉलमध्ये टीजेज् होतीच. मग टॉइटनेही कल्याणीनगरात शाखा काढली. म्हणजे पुण्याने बंगळुरूच्या आधी सुरुवात केली आणि नंतर बंगळुरूलाच आपल्या दारात दुकान मांडू दिलं. पुणेकर म्हणून हे लिहिताना जरा लागतं, पण नोंद असू द्या.

आम्ही ज्या ब्रूपबमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या पबमध्ये, गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या ब्रूअरने मोकळेपणाने बोलायला तेवढी एकच अट घातली. मुलगा इंदापूरकडचा, मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकला आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरी केली. तिथून इथे. "उसाच्या मळीवर यीस्ट कसं वागतं ते ठाऊक होतं. बार्लीवर जरा लाडात येतं, एवढाच फरक," म्हणाला.

सकाळची वेळ होती. पबमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि काचेमागे मात्र काम जोरात. भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६५-६७ अंशांच्या गरम पाण्यात तासभर मुरतो, याला मॅश म्हणतात. त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि गोड रस गाळून निघतो, त्याला वॉर्ट म्हणतात. तो तासभर उकळायचा, हॉप्स, म्हणजे कडूपणा देणारी फुलं, टाकायची, झटकन थंड करायचा आणि यीस्ट घालून टाकीत सोडायचा. इथवर सगळं एका दिवसात उरकतं. त्यानंतर माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही, फक्त थर्मामीटरवर नजर आणि टाक्या धुणं. ब्रूअरच्या सांगण्याप्रमाणे त्याचा निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात जातो.

भाऊ मशीनच्या किमती विचारत होता, मी टाक्या मोजत होतो. कारण सगळा धंदा तिथेच आहे असं मला हळूहळू दिसायला लागलं.

समजा टाकी ५०० लिटरची आहे. गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवायझन, २० अंशांच्या आसपास आंबते आणि साधारण दोन आठवड्यांत नळाला लागते. वर्षाला त्या टाकीतून २६ घाणे निघतात, म्हणजे १३,००० लिटर. लागर मात्र १० अंशांच्या आसपास संथपणे आंबते, मग थंडीत मुरत पडते. तिला पाच आठवडे धरले तर वर्षाला १० घाणे, ५,००० लिटर. टाकी तीच, भाडं तेच, चिलरची वीज उलट जास्त आणि ग्लासचा दर जवळजवळ सारखाच. आता कळलं, प्रत्येक पबच्या पाटीवर गव्हाची बिअर पहिली का असते ते. तिचा केळ्या-लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, कडूपणा कमी असतो, नवख्या माणसाला ती आवडते. त्यातून टाकीही लवकर मोकळी होते. लागर ठेवायची ती हौसेने, किंवा जुन्या गिऱ्हाइकाच्या हट्टाखातर.

"आन् घाण्यातली सगळी विकली जाती का?" भावाने विचारलं. नाही. तळाचा यीस्टचा गाळ, पाइपात राहिलेली, पहिल्या फेसातली, असं करून दहा टक्के गेली धरा. ४५० लिटरचे ३३० मिलीचे ग्लास होतात सुमारे १,३५०. भाऊ कॅल्क्युलेटरवर १,३५० गुणिले ४०० करून खूश झाला. त्याला मी तिथेच थांबवलं.

कारण पुढचा भाग माझ्या धंद्यातला. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. टाक्या घेतल्या, चिलर घेतला, माल्ट घेतला, वर जीएसटी भरला. पण विकताना बिअरवर जीएसटी नाही, त्यामुळे भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. बिअरवर एक्साइज वेगळी. परमिट रूममध्ये ग्लासात दिलेल्या दारूवरचा व्हॅट महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. टेबलावरच्या पनीर टिक्क्याला मात्र जीएसटी. म्हणजे एका बिलात दोन कायदे. आणि लायसन्स दरवर्षी ३१ मार्चला संपतं, नूतनीकरणाची फी एकरकमी. सगळ्यात जास्त पैसे लागतात तेव्हाच उन्हाळा सुरू होत असतो आणि माल भरून ठेवायचा असतो. माझ्या मते हा धंदा बुडतो तो बिअर वाईट निघाल्याने क्वचित, मार्चमध्ये हातात रोकड नसल्याने जास्त.

ड्राय डेचा प्रकार तर मजेशीर. गणपती विसर्जनाला, २ ऑक्टोबरला, मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत नळ बंद. पण टाकीतल्या यीस्टला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू होत नाही. ते आपलं काम करत राहतं, तयार बिअर टाकी अडवून बसते आणि पुढचा घाणा खोळंबतो. बाटलीबंद दारूचं दुकान बंद राहिलं तर त्या दिवसाची विक्री बुडते, इथे आठवड्याचं वेळापत्रक कोलमडतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच महिनोन्‌महिने झालं. पाश्चराइज न केलेली ताजी बिअर साठवून किती साठवणार? नंतर सरकारने बंद बाटलीतून, म्हणजे ग्रोलरमधून, घरी न्यायला परवानगी दिली, तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला.

निघताना मागच्या दाराशी एक टेम्पो लागलेला. मॅश केलेल्या बार्लीचा ओला चोथा पिंपात भरून चालला होता, वाघोलीकडच्या गोठ्यात. ५०० लिटरच्या घाण्याला शंभरएक किलो माल्ट लागतो आणि भिजलेला चोथा त्याहून जड भरतो. त्याच दिवशी उचलला नाही तर आंबतो. गोठेवाला पैसे देतो का, हे विचारल्यावर ब्रूअर हसला. "तो वेळेवर येतो, हेच लई झालं."

संध्याकाळी तिथेच बसलो. ब्रूपबचं गणित तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं. टाकी त्यांची, नळही त्यांचा. मध्ये ना डिस्ट्रिब्युटर, ना बाटली, ना लेबल, ना ट्रक. ग्लासमागे सुटणारा पैसा चांगला. पण मालकाला तो गाठायचा तर शनिवारी भरलेलं हे सभागृह मंगळवारी निदान निम्मं तरी भरायला हवं, आणि मंगळवारी तिथे कोण येतं? म्हणून मग क्विझ, स्टँडअप, कंपन्यांच्या पार्ट्या. मेन्यू बघितला तर बिअर एका पानावर आणि खाणं आठ पानांवर. नाव ब्रूअरीचं असलं तरी खरं पोट भरतं ते किचनवर. हॉटेल चालवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. भाऊ बराच वेळ गप्प होता, वेटर किती टेबलं सांभाळतोय ते मोजत.

दुसऱ्या दिवशी बाणेरला एका बारमध्ये गेलो. तिथे टाकी नाही, भिंतीवर नळांची रांग. हा धंद्याचा दुसरा नमुना. बिअर बनवायची शहराबाहेरच्या शेडमध्ये आणि केग, म्हणजे बिअरची पिंपं, भरून बारना पुरवायची. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने हाच रस्ता धरला. खारं कोकम घातलेली त्यांची एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, मुंबई-पुण्याच्या नळांवर मिळते. मी ती घेतली. कोकणातलं आजोळ असलेल्या माणसाला कोकमात अल्कोहोल म्हणजे थोडं पाप वाटतं, पण दुसरा ग्लास मागवला हेही खरं.

या नमुन्यात मोक्याच्या जागेचं भाडं वाचतं, वेटर वाचतात, मंगळवारची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर. पण नळ आपला राहत नाही. बारच्या मॅनेजरने आम्हाला काउंटरमागे नेऊन दाखवलं. ३० लिटरच्या केगमधून साधारण ८५-९० ग्लास निघतात. केग सतत थंड हवा, गाडीत आणि बारमध्येही. नळाच्या नळ्या नियमाने धुवाव्या लागतात. त्या धुतल्या नाहीत तर बिअर आंबूस लागते आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं ते ब्रूअरीला, बारला नाही. रिकामे केग परत मिळवायचे, उधारी वसूल करायची. आणि मोठ्या कंपनीने फुकट फ्रिज आणि भरघोस स्कीम दिली, की तुमचा नळ सोमवारी तिच्या नावाने वाहायला लागतो. भावाला हे सगळं नवं नव्हतं, कारण त्याच्या काउंटरवर तो आजवर नळाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला. "आम्हीच असं करतो की," तो म्हणाला.

तिसरा नमुना आम्ही लांबूनच पाहिला. पिरंगुटच्या बाजूला मूनशाइन मीडरी आहे. ती मीड, म्हणजे मधाची दारू, बनवते. मधात साखर तयारच असते, त्यामुळे मॅशची सगळी भानगड नाही आणि बाटलीत टिकतंही जास्त. म्हणून ते दूरच्या राज्यांपर्यंत जाऊ शकतं. शिवाजीनगरला मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून असलेल्या शहरात हा धंदा उभा राहावा, हे मला शोभून दिसलं. भावाने मान हलवली. मधाचा भाव त्याला माहीत होता.

चांदणी चौकात मिसळ खाताना वही उघडली. माझं मत मी सरळ सांगितलं: स्वतःच्या टाक्या आत्ता नकोत. हायवेवर तर नकोतच. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतल्या परमिट रूमना कुलपं लागली होती. पुढे पालिका हद्दीतल्या रस्त्यांना सूट मिळाली, पण जमिनीत रोवलेल्या टाक्या असल्या वेळी उचलून नेता येत नाहीत. त्यापेक्षा पुण्याहून केग आणून दोन नळ लाव, वर्षभर बघ कोल्हापूर काय पितं. नळ तुझाच आहे, टाकी दुसऱ्याची असू दे.

त्याला ते निम्मं पटलं. "पण दादा, थंड आणायची कशात? २३० किलोमीटर हाय." आइस्क्रीमची गाडी चालणार नाही, त्यात बिअर गोठेल. त्याने पाव तसाच बाजूला ठेवला. कोल्हापूरहून दूध घेऊन रोज रात्री गाड्या पुण्या-मुंबईला येतात, सगळ्या इन्सुलेटेड, आणि परत जाताना रिकाम्या जातात. मी म्हटलं, एक्साइजचा वाहतूक पास लागेल, आणि दुधाची गाडी बिअर भरायला देईल कोण? तोवर त्याने कुणाला तरी फोन लावला होता आणि विचारत होता, "तुझी गाडी सकाळी पुण्यातनं किती वाजता सुटती रं?"