पाण्याचा गुन्हा
आज टिळकवाडीत मित्राच्या घरी भिंतीवर पडदा लावून ‘चायनाटाऊन’ बघितला. सिनेमा १९७४चा, गोष्ट १९३७च्या लॉस एंजेलिसची. हॅट, जुन्या मोटारी, खून यात पोरं रंगलीच. पण दुष्काळात रात्री गुपचूप पाणी सोडून देतात हे कळलं, तसे खानापूरचे मामा ताठ बसले. कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी वळवण्याचा वाद ऐकत आयुष्य गेलेल्या माणसाला काय वेगळं सांगायचं!

नायक झालेल्या जॅक निकोल्सनचं नाक चिरतात तो प्रसंग सगळ्यांनी परत लावायला लावला. नायक नंतर नाकाला ही भली मोठी पट्टी लावून हिंडतो, केवढं धाडस! शेवटावरून मात्र जोरदार वाद झाला. मामांना खलनायक सुटलेला अजिबात रुचला नाही. मला तोच शेवट खरा वाटतो. रॉबर्ट टाऊनच्या पटकथेला ऑस्कर उगाच नाही मिळालं. पुढच्या रविवारी कोण कोण येताय?