मागचं टायर रुंद, पण किती?

आज जुन्या रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० ला मागं अलॉयचं चाक बसवलं. स्पोकचं चाक निघणारच होतं, म्हणून मूळचं ११०/९०-१८ (रुंदी ११० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १८ इंची) सोडून रुंद टायर टाकायचं आधीच ठरलेलं. टायरवाला १४० चा आग्रह धरून बसला, गाडी दणदणीत दिसते म्हणून. मेस्त्रींनी काही न बोलता रिमवर कोरलेला आकडा दाखवला: २.७५, म्हणजे रिमची रुंदी इंचात. एवढ्या रिमवर १४० चढवलं तर टायर दोन्ही बाजूंनी आवळलं जातं, मधे फुगतं आणि वळणात हवं तसं टेकत नाही. मग १२०/८०-१८ घेतलं. रुंदी १० मिमी वाढली, म्हणजे चेनच्या अंगाला ५ च. व्यास उलट ६ मिमीनं कमी.

खरा वेळ गेला तो चाक सरळ लावण्यात. मेस्त्रींनी मागच्या टायरला दोरी लावून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणली, चेन अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवत राहिले. चेन कव्हर आणि टायरच्या मधून बोट सगळीकडे जातंय का, हे चाक अख्खं फिरवून बघितलं. मग दोघांना सीटवर बसवून, गाडी दाबून पुन्हा तेच. इतकं मन लावून काम करणारा माणूस गावात आहे, याचा मला फार आनंद आहे.

संध्याकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून आलो. वळणात गाडी किंचित जड झुकते, पण झुकली की ठाम राहते. नवं रबर आहे, तेव्हा सध्या बेतानंच. १२०/८० वापरणाऱ्यांनो, डबलसीटला मागं हवा किती ठेवता?